टेंभरे मास्तर आणि शंभर प्रश्न

टेंभरे मास्तर आमच्या घरी आले की 'राम राम' म्हणत नसत, प्रश्न विचारत. सकाळी दहाला, शाळेआधीच्या जेवणाची ताटं मांडली जात असतानाच दाराशी त्यांच्या सायकलची घंटी वाजायची. "माय, कोनी मागून आवाज देल्ला तर छाती धडधडते का तुमची? हाव का नाही? मधात नका लटकू!" आमची माय वरणाची पळी तशीच हवेत धरून विचार करू लागायची आणि माझा भात कोरडा राहायचा. मास्तरांना ताटावर बसा म्हटलं की म्हणत, "मी जेवून आलो." आणि आमचं आटोपेपर्यंत उंबऱ्याशी बसून राहत.

ही एकोणीसशे साठच्या सुमाराची, पांढरकवड्याची गोष्ट. शाळेत मास्तर भूगोल शिकवत, मी चित्रकला. नागपूरला ट्रेनिंगला गेले असताना त्यांच्या हाती एक स्वभाव-चाचणी पडली. मूळ विलायती, चांगली नावाजलेली. शंभर प्रश्नांपुढे 'हो' नाहीतर 'नाही' अशी खूण करायची, की माणूस भित्रा की धीट, बोलका की एकलकोंडा ते कळतं म्हणे. तिथल्या प्राध्यापकांनी सांगितलं, ही तुमच्या भागासाठी सुधारून पाठवा, पसंत पडली तर छापू. झालं! त्या दिवसापासून भूगोल वाऱ्यावर सुटला.

'मेजवानीत अनोळखी पाहुण्यांशी स्वतःहून बोलता का?' या प्रश्नाचं मास्तरांनी केलं, 'पंगतीत वाढणारा तुमचं पान सोडून पुढे गेला, तर त्याले आवाज देता का?' दुसरा होता लिफ्टमध्ये जीव गुदमरण्याचा. आमच्या हेडमास्तरांनीसुद्धा लिफ्ट पाहिली नव्हती. तिथे आलं, 'बाजाराच्या दिवशी मोटरीत मधातल्या शीटवर जीव घाबरते का?' प्रत्येक नवा प्रश्न मास्तर आधी बापू न्हाव्यावर घासून बघत, तोही बापूचा वस्तरा माझ्या गळ्यावर असताना. बापू विचारात पडला की मी देवाचं नाव घेई.

एका रविवारी मला सायकलवर मागे बसवून ते केळापूरच्या बाजूच्या बंजारा तांड्यावर गेले. चाचणीचा नियम कडक होता: उत्तर एकट्यानं द्यायचं, कोणाला विचारायचं नाही. म्हणून त्यांनी पेमा नावाच्या गड्याला लोकांकडे पाठ करून निंबाखाली बसवलं.

"तुले भेव वाटते का?"

"नाही," पेमा छाती काढून म्हणाला, आणि मागे हसण्याचा गलका झाला. बघतो तर सगळा तांडा जमलेला. पेमाची बायको ओरडली, "कोल्हा भुकला का खाटंखाली जाते थो!"

मास्तर भडकले. तेव्हा तांड्याचा मुखिया हरसिंग नायक पुढे आला. "मास्तर, एका मानसाच्या तोंडचं खरं कसं धरता? आमच्यात चार जन बसल्याबिगर फैसला होत नाही." आणि बसलेच ते. पेमाला राग लवकर येतो का, यावर दोन चिलमी झाल्या. शेवटी नायकानं निकाल दिला, "लिहा. येते, पन भाकर खाल्ली का जाते."

"हाव का नाही? मधात नका लटकू!" मास्तर कपाळाला हात लावून ओरडत होते. दिवस कलेपर्यंत अकरा प्रश्न झाले.

परतताना पुलावर त्यांनी एकदम ब्रेक दाबला, मी पडता पडता वाचलो. "पेमा म्हनते भेव नाही, तांडा म्हनते हाये. खरं कोनाचं?"

"तांड्याचं," मी कोपर चोळत म्हणालो.

"मंग विलायतेतल्या साहेबाले एकट्याले काहून विचारून राह्यले हे लोक?"

आणि मास्तरांनी चाचणीच उलटी केली. पहिल्या पानावर नवा नियम आला: 'स्वतःबद्दल स्वतः लिहू नये. जवळच्या चौघांनी बसून लिहावे.' नागपूरवाले हे फेकून देतील, असं मला वाटलं. पण त्यांचं पत्र आलं की कल्पना नवीन आहे, छापण्याचा विचार करू. मात्र सुधारणाऱ्याची स्वतःची उत्तरपत्रिका नव्या नियमानं भरून सोबत जोडावी.

मास्तर आठ दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. आले ते भरलेली पत्रिका घेऊन. माझं अक्षर चांगलं, म्हणून नक्कल करायला. खाली चौघांच्या सह्यांची जागा कोरी होती.

"हे तर तुमचंच अक्षर आहे, मास्तर!"

"मंग कोनाचं राहीन?" ते हळूच म्हणाले. "मायबाप लहानपनीच गेले. बोर्डिंगात वाढलो. जवळचे चौघं कुठून आनू जी?"

मी काही बोलणार तोच माय पदराला हात पुसत बाहेर आली. "बसवा याले निंबाखाली," ती म्हणाली, "पाठ करून!"

बापू न्हावी शेजारीच होता. हरसिंग नायक बाजाराला आला होता, त्यालाही हाक घातली. माय, बापू, नायक आणि लेखणी घेऊन मी असे चौघे ओट्यावर बसलो. मास्तर अंगणातल्या निंबाकडे तोंड करून.

"राग लवकर येते का?"

"येते," बापू म्हणाला, "आन भाकर खाल्ल्यावरही जात नाही." मास्तरांची पाठ हलली. हसत होते की काय कोण जाणे. असे नव्याण्णव प्रश्न हसतखेळत पार पडले. शंभरावा राहिला, 'एकट्यानं जेवायले आवडते का?' मास्तरांनी स्वतः त्यापुढे ठळक 'हाव' लिहिलं होतं.

"नाही लिही," माय म्हणाली. "सहा वर्षं झाले, बराबर आपले ताटं मांडाच्या वक्ताले हा कोनता ना कोनता प्रश्न घेऊन येते. जेवून आलो म्हनते. याच्या घरून सकाळचा धूर निंगत नाही, थे मले दिसत नाही का?"

सहा वर्षं या माणसासमोर मी वरण भुरकत होतो!

निंबाकडून आवाज आला, "मधलं लिहा जी… थोडं हाव, थोडं नाही."

"मधात नको लटकू!" माय कडाडली. "हाव का नाही?"

"नाही," मास्तर म्हणाले.

मी 'नाही' लिहिलं आणि तिघांनी सह्या केल्या. नायकानं अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी दहाला घंटी वाजली. मास्तर दारात उभे होते, हात रिकामे. तोंड उघडलं, पण प्रश्न काही सुचेना. मायनं विचारलं, "जेवून आला का?"

"नाही," मास्तर म्हणाले, आणि चपला काढून माझ्या शेजारच्या पाटावर येऊन बसले.