रूथमावशीचं एक मिनिट

रस्त्यात पाद्री दिसला की आमच्या रूथमावशीला रिक्षा थांबवायचीच असते. सिग्नल हिरवा असो, मागे बस भोंगा मारत असो, ती मागून माझा खांदा ठोकते. "रघू, ब्रेक." मग खाली उतरून डब्यातली करंजी पाद्रीबाबांच्या हातात ठेवते आणि म्हणते, "एक मिनिट, फादर." तिचं एक मिनिट म्हणजे माझी एक झोप.

मी सुभानपुऱ्यात तिच्या शेजारी राहतो, रिक्षा चालवतो. शाळेत मी तिसरीत इतका रमलो की मास्तर बदलले, मी नाही. मावशी रिटायर नर्स, मराठी ख्रिस्ती. यांच्यात नाताळला आपल्या दिवाळीसारखाच फराळ होतो. मावशीच्या करंज्या मात्र बारा महिने चालू. "तोंड भरलेलं असलं ना रघू, की माणसाला नाही म्हणता येत नाही." हे तिचं शास्त्र.

नाही कशाला, ते मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, चर्चचं छप्पर गळत असेल. एकदा विचारलं, तर म्हणाली, आफ्रिकेत एक देश आहे. तिथे पुरुषाचं पुरुषावर नाहीतर बाईचं बाईवर प्रेम बसलं तर जेलात टाकायचा कायदा झालाय, आणि तिथली चर्चं वर टाळ्या वाजवतायत. आपल्या मोठ्या पाद्र्यांनी त्यांना सांगावं, भाऊ, हे येशूचं काम नव्हे. मी म्हटलं, मावशी, मला कोयलीच्या पुढचा रस्ता माहीत नाही, तू आफ्रिकेचं काय घेऊन बसलीस? "म्हणून तर तुला विचारत नाही," म्हणाली.

फादर लोक करंजी खायचे, खुसखुशीत झालीय म्हणायचे, प्रार्थना करतो म्हणायचे आणि सटकायचे. सरळ हो म्हणाला तो एकच. घडियाळी पोळच्या गल्लीशी गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा डगला दिसला, म्हणून मी आपणहून ब्रेक मारला. मावशीने सगळं सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं, करंजी संपवली आणि गुजरातीत म्हणाला, "मने तो कांई वांधो नथी, मासी. शेठने पूछी जुओ." लग्नातला वेटर होता तो.

तरी मावशीचा माझ्यावर जीव. दर वर्षी नाताळ सरला की फडक्यात बांधलेल्या दोन करंज्या खास मला देते. मी सोसायटीभर मिरवतो.

गेल्या नाताळात मावशीच्या चर्चमध्ये सगळ्यात मोठे पाद्री, बिशपसाहेब आले. दोन दिवसांनी ते त्याच देशात चर्चवाल्यांच्या सभेला निघाले होते. मावशीचं सकाळपासून एकच चाललं होतं. हा एक माणूस तिथे उभा राहून बोलला, तर बोलला. पुन्हा कोण जाणार होतं? डबा धरायला तिने मला आत नेलं. प्रार्थनेला सगळे उभे राहिले की मी बसायचो आणि बसले की उभा.

मग आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो. मावशीने करंजी पुढे केली. साहेब हसून म्हणाले, "डायाबिटीस छे, बेन." आणि ती मला दिली. मी अख्खी तोंडात टाकली. मावशीचं शास्त्र तिथेच बुडालं. तिचा चेहरा उतरला, तरी ती बोलली. साहेबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, परका देश, परकं चर्च, आपण तिथे पाहुणे. मग सहज माझ्याकडे वळले. "तमे शुं कहो छो, भाई?"

मला म्हणायचं होतं, साहेब, मला यातलं काही कळत नाही. पण तोंडात खोबरं. मी जोरात 'नाही' अशी मान हलवली. जन्मात पहिल्यांदा माझं उत्तर बरोबर आलं.

साहेब हसले. मग त्यांनी मावशीला विचारलं, तुमचं कोणी आहे का तिकडे? हे सगळेच विचारायचे आणि मावशी नेहमी म्हणायची, सगळेच माझे. या वेळी ती डब्याकडे बघत राहिली.

"माझा मुलगा आहे, साहेब, योहान. आणि त्याचा जोसेफ. दोघं एका ताटात जेवायचे. आता भीतीने एका रस्त्यानेही चालत नाहीत."

साहेबांनी डबा पुढे ओढला. त्यांचा माणूस "साहेब, शुगर" म्हणेपर्यंत अख्खी करंजी तोंडात गेली होती. मावशीकडे बघत, भरल्या तोंडाने, त्यांनी 'हो' अशी मान हलवली.

परतताना मावशी रिक्षात चक्क गात होती. अकोट्याच्या अलीकडे चहाला थांबलो. डब्यात फडक्यात बांधलेल्या दोन करंज्या उरल्या होत्या. मी हात घातला.

"त्या आत्ता नकोत रे," मावशी म्हणाली. "त्या दोघांच्या आहेत. वर्ष संपेपर्यंत वाट बघते. नाही आले की देतेच ना तुला."

म्हणजे इतकी वर्षं मी मिरवत होतो ते हे.

मी चहा तसाच ठेवला आणि रिक्षा उलटी वळवली. मावशी विचारत होती, अरे कुठे? म्हटलं, साहेब त्याच देशात चाललेत ना. त्यांच्या बॅगेत दोन करंज्या मावतील.

आरशात पाहिलं, तर ती फडक्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधत होती.