पंपाच्या जाहिरातीतले आजोबा

आमच्या शेजारचे गुणवंतराव इंगळे रोज सकाळी नळाकडे बघून हसायचे. आमच्या भागात पाणी एक दिवसाआड येतं. गुणवंतरावांचं हसू मात्र रोज यायचं. आधी ते अंगणात पाठमोरे उभे राहत, मग कुणी हाक मारल्यासारखे सावकाश वळत, नळ दिसला की डोळे बारीक करत आणि हसत. मनासारखं जमलं नाही तर पुन्हा पाठमोरे होत.

मी स्वभावाने चौकस आहे. माझा नवरा यासाठी दुसरा शब्द वापरतो, पण तो इथे सांगायची गरज नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून इंगळ्यांचं अंगण दिसतं, त्यात माझा दोष काय? आठवडाभर मी कसाबसा धीर धरला आणि मग कढीपत्ता मागायचं निमित्त काढून गेले. काकांनी मलाच कामाला लावलं.

"मॅडम, बऱ्या आल्या. आता पाहा. पानी आल्याचं समाधान दिसून राह्यलं का?"

मी म्हटलं, काका, पाणी कुठे आलंय?

"थेच तं. नसताना दिसलं पायजे. त्यालेच मॉडेलिंग म्हनते."

मग सगळा उलगडा झाला. अकोल्याच्या एका स्टुडिओचा मेसेज कुठल्या तरी ग्रुपवरून काकांच्या मोबाईलवर आला होता. मॉडेल व्हायची इच्छा असलेल्या मुलामुलींचे फोटो काढायचे होते, आणि त्यात शेवटी एक ओळ होती: शेतीपंपाच्या जाहिरातीसाठी वऱ्हाडी चेहऱ्याचे आजोबा हवेत. पंप सुरू होतो, पाणी येतं, आजोबा पाण्याकडे बघतात. एवढंच काम. गुणवंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी कालव्यावर गेली. ही ओळ आपल्यालाच उद्देशून लिहिली आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्या मेसेजमध्ये तयारीच्या सूचना होत्या. त्या उघडच विशीतल्या पोरांसाठी होत्या, पण काकांनी त्या सरकारी परिपत्रकासारख्या पाळल्या, कलमवार. अंगाला बसणारी काळी जीन्स सांगितली होती, म्हणून आमच्या शहरातल्या राजकमल चौकातून काळी जीन्स आली. ती चढवताना काका पलंगावर आडवे होत आणि उठायला सुमनकाकूंना हाक मारत. चेहऱ्याला नवीन काही लावू नये असं लिहिलं होतं, तर पुतण्याच्या हळदीत त्यांनी स्वतःला हळद लावू दिली नाही. भरपूर पाणी प्या असं होतं, त्यामुळे धामणगावला त्याच्याच लग्नात आहेर देता देता ते तीनदा गायब झाले. नातेवाइकांना वाटलं, काकांना काहीतरी मोठं दुखणं जडलंय आणि घरचे लपवताहेत.

हसण्याचा तर त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यासच मांडला होता. काकांची सगळी भाषा कालव्याची. "हसू आवर्तनानं सोडा लागते, मॅडम," ते मला समजावत. "एकदम गेट उघडलं तं पाट फुटते." त्यांच्याकडे पाव गेटचं हसू होतं, ते दूधवाल्याला मिळे. अर्ध्या गेटचं माझ्यासारख्या सुशिक्षित शेजाऱ्यांसाठी. पूर्ण गेट मी कधी पाहिलं नव्हतं. ते कोणासाठी, असं विचारलं तर म्हणायचे, थे धरन भरल्यावर पाहू.

मला राहून राहून एकच प्रश्न पडायचा. या माणसाला पेन्शन आहे, दोन्ही मुलं चांगली लागलीत, मग या वयात फोटोचा हा हव्यास कशासाठी? शेवटी एकदा विचारलंच. काका जीन्सच्या खिशात हात घालायचा प्रयत्न करत होते. ते थांबले.

"आयुष्यभर लोकायच्या वावरात पानी नेलं," ते म्हणाले. "पानी आलं की लोकं पान्याकडे पाहतेत. सोडनाऱ्याकडे कोन पाहते? एकदा कोनी तं पाहावं ना बाप्पा."

हे ऐकून मला ते एकदम आवडून गेले, जीन्ससकट.

आता सुमनकाकूंबद्दल सांगायला हवं. काकूंच्या डाव्या गालावर आणि ओठाजवळ कोड आहे. धाकट्या मुलीच्या जन्मानंतर आलं. पुढे कुणाच्या तरी लग्नात, फोटोसाठी सगळे उभे राहिले असताना, एका बाईने त्यांना "जरा बाजूला व्हा" म्हटलं. काकू बाजूला झाल्या आणि पुन्हा कधी कुठल्या फोटोत आल्या नाहीत. डाव्या हाताने पदर गालावर धरायची सवय लागली, ती इतकी की घरात दोघंच असले तरी हात तिथेच. कुणी मोबाईल वर केला की काकू स्वयंपाकघरात. मुलांच्या लग्नांच्या अल्बममध्येसुद्धा काका एकटेच उभे आहेत, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. काकांनी कधी आग्रह केला नाही. त्या घरात नवऱ्याला वाटायचं आपल्याकडे कुणी बघावं, आणि बायकोला वाटायचं कुणी बघू नये, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

अकोल्याला मीच गाडीने घेऊन गेले. रविवार होता, आणि खरं सांगायचं तर मला कुणी दोरीने बांधून ठेवलं असतं तरी मी गेले असते. काकूही आल्या, कारण काकांना साखरेचा त्रास, वेळेवर खायला लागतं. आपण बाहेरच बसणार ही त्यांची अट होती. पण स्टुडिओच्या बाहेर पाहतो तर पंचवीसएक पोरंपोरी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि चौफेर सेल्फी चाललेल्या. काकूंचा चेहराच उतरला. त्यापेक्षा आत बरं, म्हणून त्या डब्याची पिशवी घेऊन आत आल्या आणि दिव्यांच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

काकांची पाळी आली. धोतर, सदरा, डोक्याला पागोटं असा वेश स्टुडिओने दिला, त्यामुळे काळी जीन्स फुकट गेली. मागे हिरवा पडदा. पाण्याचा पत्ता नाही, पण काकांना तर त्याचीच सवय. ते पाठमोरे झाले, सावकाश वळले, डोळे बारीक केले आणि हसले.

फोटोग्राफर तरुण होता, पण पोक्त. तो म्हणाला, "काका, थोडं कमी करा. पाणी आलंय, पूर नाही आला."

काकांनी अर्धं गेट केलं. मग पाव. मग फोटोग्राफर म्हणाला, आता तर पाणी गेल्यासारखं वाटतंय. काका घामाघूम झाले. इतके दिवस ज्यासाठी नळापुढे उभे राहिले, ते सगळं त्या दिव्यांखाली वितळून चाललं होतं. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "दिसून राह्यलं का, मॅडम?" मला खोटं बोलता येईना. मी नुसती मान हलवली, धड होकाराची नाही की नकाराची नाही.

फोटोग्राफर म्हणाला, उजेडच नीट पडत नाहीये. त्याचा मदतनीस त्या दिवशी आला नव्हता. त्याने एक भलीमोठी गोल चंदेरी चकती उचलली, दिव्याचा उजेड चेहऱ्यावर परतवायची असते ती, आणि इकडेतिकडे बघून सरळ काकूंच्या हातात दिली. "काकू, दोन्ही हातांनी घट्ट धरा. अशी तिरपी. आणि जरा पुढे या, दिव्याजवळ."

नाही म्हणायला काकूंना सवडच मिळाली नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चकती धरली. पदर घसरून खांद्यावर आला. त्यांचा हात एकदा सुटायला बघत होता, पण चकती कलली, फोटोग्राफर ओरडला, आणि त्यांनी ती पुन्हा धरली. दिव्याचा उजेड त्यांच्या सबंध चेहऱ्यावर पडला होता.

काका तिकडे बघत होते. ना पाठमोरे झाले, ना डोळे बारीक केले. काही केलंच नाही. नुसते बघत राहिले. फोटोग्राफर भराभर बटण दाबत सुटला.

जाहिरातीचं काय झालं, ते आधीच सांगून टाकते. ते काम खामगावच्या एका गृहस्थांना मिळालं. त्यांच्या मिशा मोठ्या होत्या म्हणे. काकांनी तो निकाल फार मनाला लावून घेतला नाही, फक्त मिशांवर पाव तास टीका केली.

पण त्या दिवशी फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर फोटो दाखवले. आधीचे कितीतरी नुसतेच हसरे. मग ते शेवटचे आले आणि त्याने खुर्ची पुढे ओढली. "काका, हेच तर पाहिजे होतं," तो म्हणाला. "कुठे बघत होता तुम्ही?"

"पान्याकडे," काका म्हणाले.

काकू मागे उभ्या होत्या, पदर पुन्हा गालावर. त्यांनी तो फोटो खूप वेळ पाहिला. मग बाहेर आल्या, गाडीत मागे काकांशेजारी बसल्या, डबा उघडून त्यांना भाकरी-चटणी खायला लावली. अकोला सुटलं. बोरगाव मंजू मागे पडल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "पानी म्हनता. पन तिथं तं मी उभी होती."

"हाव."

"मंग?"

काका खिडकीबाहेर बघत होते. तुरीच्या वावरांकडे बघतच ते म्हणाले, "आज तुये हात गुंतले होते ना."

काच खाली होती, वारा आत येत होता, आणि काकूंचा पदर गालावरून उडून मागे गेला. त्यांनी डब्याची पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत ती सोडली नाही.