रईसने कंबर कसली

"माणसं घराबाहेर काढायला कला लागते, कला!" तुर्गुनने चहाची वाटी खाली आपटली. "शनिवारी सकाळी बघाच. अख्खा तूतझार मोहल्ला फावडी घेऊन माझ्या दारात उभा नसेल, तर नाव बदलेन!"

"नाव राहू दे रे तुझं," मामासोली-अका म्हणाले. "शिक्का दे."

चायखान्यातले सगळे चहा प्यायचे थांबले.

शिक्का म्हणजे मोहल्ल्याचा शिक्का. तो ज्याच्या खिशात, तो रईस. आता रईस म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, गडगंज असामी असेल. छे हो! आमच्या मार्गिलानमध्ये मोहल्ल्याच्या प्रमुखाला रईस म्हणतात. त्याच्याकडे शिक्का असतो आणि लोकांच्या शिव्या असतात, तिसरं काही नसतं. मामासोली-अका, म्हणजे मामासोलीदादा, आधीचे रईस. निवडणुकीत तुर्गुनपुढे थोडक्यात आपटले, आणि तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझ्या वेळी'ने सुरू व्हायचं.

"दिला!" तुर्गुन बोलून गेला. जीभच ती, घसरली की घसरली!

भानगड पाटाची होती. रविवारी कालव्याचं पाणी सुटणार होतं, आणि मोहल्ल्याचा पाट हिवाळाभरात पाचोळा, चिखल आणि कुणाकुणाच्या फाटक्या रबरी जोड्यांनी गच्च भरला होता. साफ झाला नाही, तर पाणीवाला आमचा वाटा सरळ शेजारच्या मोहल्ल्याकडे वळवणार. मग तूतझारच्या जर्दाळूंनी काय, आभाळाकडे बघत बसायचं?

आणि माणसं तर येत नव्हती. मागच्या हशरला, म्हणजे आमच्या श्रमदानाला, तिघं आले होते. तुर्गुन, त्याचा धाकटा भाऊ झाकिर आणि एक कुत्रं. त्यातलं कुत्रं शेवटपर्यंत थांबलं. बाकी सगळ्यांनी मोबाईलवर अंगठा दाखवला होता, आणि तुर्गुन भोळा, त्याला तो होकार वाटला.

या खेपेला मात्र त्याने डोकं चालवलं. पहाटेची नमाज आटोपून म्हातारी मंडळी घरी जातात, ती त्याच्याच दारावरून. तिथे आपण स्वतःच कंबर कसून उभं राहायचं. बघून लाजतील आणि झक मारत येतील!

शनिवारी त्याने अंधारातच उठून पुलावासाठी परातभर कांदा चिरला. डोळे लालभडक झाले. मग लोकांना चहा प्यायला बसता यावं म्हणून घरातली बाकं उचलून दाराबाहेर ओळीने मांडली. थंडी मरणाची होती, म्हणून काळा चपान घातला. त्या लांब अंगरख्याची बटणं केव्हाच गेली होती, म्हणून कंबरेला रुमाल आवळून बांधला. डोक्यावर टोपी चढवली. झाकिरलाही तस्संच सजवून शेजारी उभं केलं. झाकिरचा चेहरा जन्मापासूनच रडवेला. लग्नातल्या फोटोतही तो घरजावई होत असल्यासारखा दिसतो.

आत आई आणि बायको अजून झोपेत होत्या. दोघे भाऊ दाराच्या दोन बाजूंना उभे राहिले.

पहिले आले मामासोली-अका. फजिती बघायला आले होते, पण दुरूनच त्यांची पावलं थबकली. बाकं पाहिली, चपान पाहिले, कंबरेचे रुमाल पाहिले. एकदम त्यांचा चेहराच उतरला. लगबगीने आले आणि त्यांनी तुर्गुनला मिठीच मारली.

"अल्लाचे बंदे आहोत रे आपण, बंदे!" ते त्याची पाठ थोपटत म्हणाले. "आपल्या हातात काय असतं?"

हरले वाटतं, तुर्गुनला वाटलं. एवढ्यातच?

"कधी?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता थोड्या वेळात. ऊन तापायच्या आत उरकू."

"बरोबर आहे. उशीर करू नये. फार त्रास झाला का रे?"

"त्रास म्हणजे काय! हिवाळाभर तुंबलेलं सगळं. आत नुसता चिखल! कुणी ढुंकून बघितलं नाही, अका."

"चुकलं रे आमचं. यायला हवं होतं."

"तेच तर मी घसा फोडून सांगतोय!"

मामासोली-अकांनी डोळे पुसले. "जागा ठरली?"

"ठरली की. सलोमतच्या तंदूरपासून थेट चायखान्यापर्यंत."

"एवढी लांब?"

"लांब आहे, पण खोल नको. गुडघाभर पुरे."

"गुडघाभर! अरे, कुत्री उकरतील!"

"कुत्र्याला नावं ठेवू नका, अका. मागच्या वेळी तेवढं एकच शेवटपर्यंत थांबलं होतं."

मामासोली-अका दोन पावलं मागे सरले. मग झाकिरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भावाला सांभाळ, बाबा. डोक्यावर परिणाम झालाय." झाकिरने नेहमीप्रमाणे मान डोलावली. जाता जाता ते पुन्हा वळले. "तुर्गुन, मी चारचौघांत तुला नको ते बोललो. माफ कर. शिक्का तुझाच. जन्मभर तुझाच!"

"बघितलंस?" तुर्गुन भावाला म्हणाला. "याला म्हणतात योजना!"

आणि मग काय सांगू महाराजा! गल्लीच्या दोन्ही टोकांनी माणसं येऊ लागली. ज्यांचं नुसतं दार वाजवलं तरी कंबर दुखायची, ते खांद्यावर फावडं टाकून आले. जो येई तो मिठी मारी, "बंदे आहोत" म्हणे आणि खाली मान घालून बाकावर बसे. तुर्गुनच्या आनंदाला पारावार उरला नाही.

"या, या! लाजू नका! मांस आणलंय, कांदा चिरलाय, दाबून जेवा! आज मजा आहे!"

बाकावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने हळूच त्याला पाणी आणून दिलं.

बायका आल्या त्या सरळ आत गेल्या. आणि थोड्याच वेळात आतून असा हंबरडा फुटला की जर्दाळूवरच्या चिमण्या उडाल्या.

"बायका का रडताहेत रे?"

"कांदा चिरत असतील," झाकिर म्हणाला.

"कांदा मी चिरलाय!"

इतक्यात त्या हंबरड्यात त्याच्या बायकोचा, ओयदिनचा, आवाज मिसळला. आणि समोरून, मशिदीतला लाकडी जनाजा खांद्यावर घेऊन, चौघं जण येत होते. पुढे मामासोली-अका!

"हे... हे कशाला?"

"मग काय बुवीला पाठुंगळी न्यायचं?"

"कुठल्या बुवीला?"

"तुझ्या आईला रे, लेकरा!"

तुर्गुनच्या पायाखालची जमीनच सरकली. आई! रात्री तर चांगली दोन वाट्या शोरबा प्यायली होती! आपण बाहेर बाकं मांडत बसलो, आणि आत आई गेली? मोहल्ल्याला कळलं आणि मला नाही कळलं?

"आईऽऽ!" त्याने अशी काही किंकाळी फोडली की ज्यांना अजून थोडी शंका होती त्यांचीही फिटली. धडपडत, उंबऱ्याला ठेचकाळत, तो अंगणात शिरला.

अंगणात बायका तोंडावर ओढणी घेऊन, ओळीने बसून रडत होत्या. ओयदिन गळा काढत होती, "वाय, माझा नवरा!" तिला वाटलं, तुर्गुनच गेला. आणि ओळीच्या शेवटाला, ओयदिनची शाल लपेटून, झोपेतून उठून आलेली एक म्हातारी सगळ्यांत मोठ्याने रडत होती.

रडता रडता तिने शेजारच्या सलोमतला कोपराने ढोसलं. "अगं, पण गेलं कोण?"

"ताजीखान-बुवी!" सलोमतने डोळ्यांवरची ओढणी न काढताच सांगितलं.

"अरेरेरे! फार चांगली होती हो." म्हातारीने आणखी एक हुंदका दिला. मग थांबली. "कुठली ताजीखान?"

"आपली. रईसची आई."

म्हातारीने आपल्या हाताकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं.

"मग मी कोण, भवाने?"

सलोमतने ओढणी काढली, किंचाळली आणि पिठाच्या परातीत बसली.

तुर्गुनने धावत जाऊन आईला मिठी मारली आणि ढसाढसा रडला. लाज नाही, लज्जा नाही, रईसपण नाही, नुसता रडला.

"सोड रे, कांद्याचा वास मारतोय," बुवी म्हणाली. पण तिनेही सोडलं नाही.

बाहेर मात्र आग भडकली. "मरणाची थट्टा करतोस?" "बाकं मांडून, कंबर बांधून दारात उभं कोण राहतं रे? मयत झालेल्या घरचेच ना?" तुर्गुनने कंबरेच्या रुमालाकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. एवढी मयतं पाहिलेला माणूस, पण कंबर कसायच्या नादात तेवढंच विसरला होता!

"पाटासाठी हो, पाटासाठी बोलावलं होतं..." तो पुटपुटला. पण ऐकतो कोण? फावडी खांद्यावर गेली, माणसं वळली. मामासोली-अकांनी हात पुढे केला. "मी शब्द मागे घेतो. आण शिक्का!"

तुर्गुनने खिशात हात घातला.

"खबरदार!" दारात ताजीखान-बुवी उभी होती. "मामासोली, माझ्या मयतावर दिलेला शब्द मागे घेतोस? आणि तुम्ही रे सगळे! मला पुरायला कशी फावडी सापडली? मेल्यावर खणणार, आणि मी जिवंत असताना खणायला हात झिजतात?" तिने काठी आपटली. "जो आत्ता घरी जाईल, त्याने माझ्या खऱ्या मयताला यायचं नाही. दारातून हाकलीन!"

झालं! आमच्याकडे लग्न चुकलेलं चालतं, पण मयत चुकलं तर माणूस गल्लीतून मान वर करून चालू शकत नाही. आधी एक फावडं खाली आलं. मग दुसरं. मामासोली-अकांनी जनाजा भिंतीला टेकवला, अस्तन्या वर केल्या आणि म्हणाले, "माझ्या वेळी गुडघाभर नाही, मांडीभर खणायचो!" आणि सगळ्यांत आधी तेच पाटात उतरले.

दुपारपर्यंत पाट लख्ख झाला. पुलाव कमी पडला, बुवीने भांडं पुसून खाल्लं.

रविवारी पाणी आलं. खळखळत, फेस उडवत थेट चायखान्यापर्यंत गेलं. संध्याकाळी तुर्गुन आईशेजारी ओट्यावर बसला. शिक्का खिशात होता, छाती पुढे होती.

"बघितलंस आई? आला की नाही सगळा मोहल्ला माझ्या हाकेला?"

"तुझ्या हाकेला? अरे, माझ्या मयताला आले होते ते!" बुवी समाधानाने म्हणाली. "छान रडले हो सगळे. जीव निवला. आता पुढचं हशर कधी?"

"झाडं लावायची आहेत, पुढच्या महिन्यात."

"मग या वेळी तू आत झोप. मी दारात कंबर बांधून उभी राहते."

तुर्गुन हसायला गेला, पण हसू काही आलं नाही.

"नको गं आई," तो म्हणाला. "माझ्यासाठी माणसं कमी आली तर?"