पत्र्यावरची चप्पल आणि पहिला क्रमांक

तंटा मिटवायचा तर आधी तो असावा लागतो. शांततेच्या कार्यातली ही मूलभूत अडचण बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक शाळांच्या लक्षातच येत नाही आणि म्हणून त्या मागे राहतात. आमची शाळा मागे राहिली नाही. (शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. पाहणीला मंडळी वाढतात आणि खुर्च्या कमी पडतात. धाडच्या रस्त्याला लागलं की कोणीही दाखवेल.)

एका सेवाभावी मंडळाने 'तंटामुक्त शाळा' ही स्पर्धा काढली. नियम सरळ होता: वर्षभरात जी शाळा जास्तीत जास्त तंटे सामोपचाराने मिटवील, ती पहिली. पहिल्या वर्षी आम्ही भाबडेपणाने तंटे होऊच दिले नाहीत आणि शून्य गुणांवर आलो. ढाल गेली ती जिथे मधल्या सुट्टीत डोकी फुटतात त्या शाळेला. (ढाल कोणी धरायची यावरून तिथल्या दोन मास्तरांत स्टेजवरच झटापट झाली. ती जागीच मिटवून त्यांनी जादा गुणही घेतले.) त्या दिवशी आमचे मुख्याध्यापक उद्धव सर परतीच्या जीपमध्येच स्पर्धेचे नियम पुन्हा वाचायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिस्तीचा अतिरेक थांबवला आणि समेट समिती नेमली. मी तिचा सचिव.

समेटाची आमची पद्धत आता तालुकाभर वाखाणली जाते. मारणारा आणि मार खाणारा दोघांनाही परिपाठाच्या वेळी पुढे घ्यायचं. मारणाऱ्याने 'यापुढे मारणार नाही' असं म्हणायचं, त्याबद्दल त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मार खाणाऱ्याने 'माझंही चुकलं' म्हणायचं, त्याला गुलाबाचं फूल. काही जणांना यात पक्षपात दिसतो. पण सुधारण्याचे कष्ट मारणारा घेतो. मार खाणारा आधी होता तसाच राहतो. सत्कार कष्टांचा होत असतो. मग गळाभेट, फोटो, आणि पालकांच्या ग्रुपवर दुपारपर्यंत अंगठेच अंगठे.

खरी अडचण मार खाणाऱ्यांची होती. आमच्याकडची पोरं अडाण्यासारखी उलटून मारतात, नाहीतर मामाला घेऊन येतात. प्रकरण ठाण्यात गेलं की आपले गुण गेले. अशा वेळी नववीतला संघपाल आमच्या कामी आला.

संघपाल हा जानराव आणि भिमाबाई यांचा मुलगा. आवाज इतका बारीक, की पहिल्या बाकावर बसूनही त्याची गैरहजेरी लागते आणि ती दुरुस्त करायलाही तो उठत नाही. पलीकडच्या खेड्यातून एसटीच्या पासवर येतो. त्याच्याच वर्गातला आल्हाद हा आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा, अंगापिंडाने भरलेला आणि स्वभावाने मोकळा. (आमच्या शाळेत कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. ती सगळ्यांना पाठ असतात.)

आल्हादची रीत ठरलेली होती. संध्याकाळची एसटी यायच्या वेळेला तो संघपालच्या पायातली एक चप्पल काढून शाळेच्या पत्र्यावर फेकायचा. संघपाल खाली उभा राहून वर बघायचा, तोवर एसटी निघून जायची. काळीपिवळीत पास चालत नाही. मग एका पायात चप्पल आणि दुसरा पाय तसाच, असा तो घरी चालत जायचा. सकाळी शिपाई शिडी लावून चप्पल काढायचा आणि परिपाठाला समेट व्हायचा. आल्हादकडे इतक्या शाली जमल्या की त्याच्या आईने त्यांच्या उशांच्या खोळी शिवल्या. कामाला नियमितपणा आला.

एकदा संघपाल तापाने आला नाही. उद्धव सर किती अस्वस्थ झाले, ते मी पाहिलं आहे. त्यांनी मोटारसायकलवरून शिपाई पाठवला. गरीब घरच्या मुलाच्या उपस्थितीची इतकी काळजी मी दुसऱ्या कुठल्याही शाळेत पाहिली नाही.

पण पालकांना याची किंमत नसते. पुढच्या आठवड्यात भिमाबाई कापूस वेचायचं सोडून शाळेत आल्या.

"सर, पोरगं रातच्याले झोपीत दचकून राह्यलं," त्या म्हणाल्या. "शाळेचं नाव काढलं का पोटात दुखते म्हन्ते. ह्याचं काई करा."

"मिटवून टाकू ना बाई," सर म्हणाले. "उद्याच मिटवू."

"मिटवाचं नाई, सर. थांबवाचं हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियम तपासले. थांबवण्याला गुण नाहीत.

"मंग त्याचा दाखला द्या," भिमाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या शाळेत घालतो मी त्याले."

सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावून सांगितलं, की अंतिम पाहणी तोंडावर आली आहे आणि अशा वेळी शाळेचा गुणी विद्यार्थी काढून नेणं बरं नव्हे. दाखल्याचं नंतर बघू. भिमाबाईंनी चहा घेतला नाही.

अंतिम पाहणीला मांडव घातला, पालकांना बोलावलं, परीक्षक आले. वर्षभरातला आदर्श समेट म्हणून आम्ही अर्थातच आल्हाद आणि संघपाल यांना ठेवलं होतं. संघपालला दोनच शब्द दिले होते, 'आमचं मिटलं'. तालमीत तेही ऐकू येईनात, म्हणून माइकवाल्याला आवाज पूर्ण वाढवायला सांगितला. आदल्या संध्याकाळची चप्पल पत्र्यावरच होती, कारण शिपाई मांडवात गुंतला होता. संघपाल अनवाणी होता, पण स्टेजवर सगळेच चपला काढून चढत असल्याने कार्यक्रमाला बाधा आली नाही.

आल्हादने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. (फोटोत हा हात फार प्रेमाचा येतो. बोटं मानेमागे असतात.) संघपालने माइक धरला.

"मिटलं नाई," तो म्हणाला.

आवाज पार एसटी स्टँडपर्यंत गेला. तो स्वतःच दचकला. पण थांबला नाही.

"माही चप्पल अजून वरच हाय. मले घरी जाऊ देत नाई हा. मले लय भेव वाटते."

सगळ्यांनी वर पाहिलं. परीक्षकांनीही पाहिलं. चप्पल होती.

तेवढ्यात उद्धव सरांनी टाळी वाजवली. मुलगा बोलून थांबला की टाळी वाजवायची, ही आमची जुनी सवय कामी आली. मांडवभर टाळ्या झाल्या. मुख्य परीक्षक तर गहिवरले. भीती वाटते हे विद्यार्थी जिथे इतक्या निर्भयपणे सांगू शकतो, ते वातावरण आपण अन्यत्र पाहिलं नाही, असं ते म्हणाले आणि त्याचे वेगळे गुण दिले. आम्ही पहिले आलो.

फक्त भिमाबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या उठल्या, शाळेमागची शिडी ओढत आणली, भिंतीला लावली आणि लुगडं खोचून वर चढल्या. ढाल घेतानाच्या फोटोत कोपऱ्यात त्यांचे पाय आले होते. ते कापून घेतले.

एसटी तोवर गेली होती. परीक्षकांची गाडी निघाली तेव्हा मायलेक रस्त्याच्या कडेने चालत होते. गाडीत मागच्या सीटवर जागा होती. परीक्षकांनी संघपालला ओळखलं आणि काच खाली करून कौतुकाने हात हलवला.

दाखल्याचा अर्ज विचाराधीन आहे. ढाल फिरती असल्याने पुढच्या वर्षी ती राखावी लागेल, आणि एक न मिटलेला तंटा आमच्याकडे आधीच शिल्लक आहे.

आपण विचाराल, की त्या पोराचं पुढे काय? तो माइकवर बोलला, तेव्हा आपल्याला क्षणभर बरं वाटलं होतं. चला, बोललं एकदाचं, आता सुटलं, असं मनात आलं होतं. आमच्या मांडवातही सगळ्यांना तसंच वाटलं, म्हणून तर टाळ्या पडल्या. आपलं नावही मी उपस्थित मान्यवरांत धरलं आहे.