सात तुकड्यांचं कॅटापल्ट

जावयानं आयुष्यात पहिल्यांदा करवत हातात धरली ती लेकीसाठी. शाळेनं सुट्टीचा उद्योग म्हणून टाकाऊ वस्तूंपासून कॅटापल्ट, म्हणजे जुन्या लढायांत दगड फेकायचं जे यंत्र असे त्याचं खेळणं, करून आणायला सांगितलं होतं. जावई पडला कारकून. फायलीची नाडी बांधण्यापलीकडे त्याच्या हातांची मजल नव्हती. पण मुक्काम सासुरवाडीला होता, सासरे सुतार होते आणि घरामागच्या त्यांच्या कारखान्यात लाकडाच्या तुकड्यांना तोटा नव्हता.

सासरे जेवून लवंडल्यावर तो कारखान्यात शिरला. टाकाऊ लाकडाच्या खोक्याला एक सरळ, गुळगुळीत पट्टी टेकून ठेवली होती, चांगली कमरेएवढी उंच. तिच्यावर पेन्सिलीच्या चार रेघोट्या होत्या, म्हणजे वापरून झालेलीच असणार. त्यानं तिचे सात तुकडे केले. करवत वाकडी जायची, मग तोच काप पुन्हा सरळ करायचा, असं घामाघूम होत तासभर चाललं. खिळे, रबरबँड, टोकाला बाटलीचं झाकण, आणि कॅटापल्ट उभं राहिलं. लेकीनं झाकणात खोडरबर ठेवून सोडलं, ते थेट सासूबाईंच्या पाठीत.

"जमलंय हो," पाठ चोळत सासूबाई म्हणाल्या. जावयाला हे यश नवीन होतं, त्यामुळे तो फारच फुशारला.

तेवढ्यात सासरे उठून कारखान्यात गेले. "माझी पट्टी कुणी हलवली?"

"कसली पट्टी, बाबा?" जावयानं विचारलं.

"मापाची. त्या स्वयंपाकघराच्या कपाटाची. उद्या लाकूड कापायला घ्यायचंय."

सासऱ्यांचा आकड्यांवर विश्वास नव्हता. ते जागेवर जात, एका पट्टीवर रुंदी, खण, फळ्या सगळ्याच्या खुणा करून आणत आणि त्या पट्टीवरूनच कपाट उभं करत. चाळीस वर्षांत त्यांचं एकही कपाट परत आलं नव्हतं, आणि हे सांगायला त्यांना निमित्त लागत नसे. गिऱ्हाईक घराला कुलूप लावून परगावी गेलं होतं, ते थेट कपाट बसवायच्या दिवशी येणार होतं. म्हणजे पुन्हा माप घेण्याची सोय नव्हती.

"शोधतो मी," असं म्हणून जावई लेकीकडे धावला. "बाळा, कॅटापल्ट जरा सुटं करू या."

"का?"

"नेम सुधारायचाय."

"नेम चांगलाय. आजीला बरोब्बर लागला."

बरीच मनधरणी करून त्यानं ते सुटं केलं, गच्चीवर जाऊन सातही तुकडे खुणांच्या क्रमानं एकाला एक भिडवून मांडले आणि तसल्याच दुसऱ्या पट्टीवर सगळ्या रेघा जशाच्या तशा उतरवल्या. मग कॅटापल्ट पुन्हा जोडलं.

"ही घ्या, बाबा. दारामागे होती."

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हं," म्हणाले. जावयाचा जीव भांड्यात पडला. कपाटाचं काम सुरू झालं.

चौथ्या दिवशी कपाट तयार झालं. संध्याकाळी चहा पिताना सासरे नातीला समजावत होते, "करवत नुसती कापत नाही बरं, खाते. प्रत्येक कापात पात्याएवढं लाकूड भुसा होऊन जातं."

जावयाला ठसका लागला. सात तुकडे म्हणजे सहा काप, त्यातले निम्मे दोनदा केलेले. त्यानं मनात हिशेब केला, तर पट्टी सेंटिमीटरहून जास्त आखूड झाली होती. म्हणजे कपाटही तेवढंच आखूड. चाळीस वर्षांचं नाव त्यानं एका खेळण्यापायी घालवलं होतं.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"उद्या सांगा. एकदा कपाट बसलं की डोकं मोकळं."

दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून जावयानं कपाटाचं जड टोक स्वतः उचललं. गिऱ्हाइकानं दार उघडलं आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकताच सासरे पांढरेफटक पडले. कपाट जिथे बसायचं त्या कोनाड्याच्या डाव्या भिंतीवर नव्या कोऱ्या फरशा चमकत होत्या.

"या कधी लावल्या?"

"गावाला जाण्याआधी. तुम्ही माप घेतलंत तेव्हा बोललो होतो की."

सगळ्यांनी मिळून कपाट ढकललं. ते कुठेही न अडता आत गेलं आणि दोन्ही बाजूंनी असं बसलं की मध्ये कागदही जाईना.

"माप असावं तर असं," गिऱ्हाईक म्हणालं. सासऱ्यांनी बसायला स्टूल मागितलं आणि प्यायला पाणी.

बाहेर पायऱ्या उतरताना त्यांनी जावयाचा दंड धरला. "जावईबापू, घरी बोलू नका. फरशांचं मी साफ विसरलो होतो. माप उघड्या भिंतीचं होतं. कपाट आत जायलाच नको होतं."

"मग गेलं कसं?"

"तेच कळेना. डोकं विसरलं तरी हाताला कळत असणार. चाळीस वर्षांचा हात आहे."

खरं काय ते जावयाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सासऱ्यांचा चेहरा इतका हलका झालेला त्यानं कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या स्वतःच्या छातीवरूनही कपाटाएवढंच ओझं नुकतं उतरलं होतं.

"माझ्याकडून कुणाला कळणार नाही, बाबा."

सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुम्हाला लाकडातलं काही कळत नाही," ते मायेनं म्हणाले, "पण गोष्ट पोटात ठेवता येते."