समुद्रसपाटीपासून ‘तू’

माणसामाणसांतली जवळीक ही भावनेची नव्हे, उंचीची बाब आहे. आल्प्सच्या डोंगरात हे सर्वमान्य आहे. हजार मीटरच्या खाली माणूस माणसाला ‘तुम्ही’ म्हणतो, वर गेला की ‘तू’. वर हवा विरळ असते आणि धापा टाकणाऱ्याला दुसऱ्याचा मान राखणे झेपत नाही, असे त्यामागचे शास्त्र आहे. (आमच्या चौकातल्या पाटीवर तसे लिहिले आहे, म्हणजे ते शास्त्रच असणार.)

आमच्या ओबरकाल्ट गावाची अधिकृत उंची, म्हणजे चर्चच्या पायरीची उंची, नऊशे अठ्ठ्याण्णव मीटर साठ सेंटिमीटर भरते. उरलेल्या एक मीटर चाळीसपायी अख्खे गाव जन्मभर एकमेकांना परके राहिले असते. पण पूर्वजांनी ठराव केला की साचलेला बर्फ हीसुद्धा जमीनच. तेव्हापासून चर्चच्या पायरीशी बर्फ एक मीटर चाळीसला पोचला की उंची समितीचे अध्यक्ष वेंडेलिन (निवृत्त भूमापक, त्यांची टेप अजून सेवेत आहे) घंटा वाजवतात आणि गाव ‘तू’ होते. पोस्टमन पाद्रीबाबांना म्हणतो, “काय रे, पोट सुटलं की तुझं!” एप्रिलमध्ये बर्फ वितळला की तोच पोस्टमन टोपी काढून त्यांच्या प्रकृतीची चौकशी करतो. मी या समितीचा चिटणीस. मूळचा मी तुमच्याकडचा, पण इथे येऊन सत्तावीस हिवाळे झाले.

हिवाळी खेळांनाही हा नियम लागू आहे. लिफ्टच्या खुर्चीत बसताना शेजारी ‘तुम्ही’ असतो आणि पाय जमिनीवरून सुटले की ‘तू’, त्यामुळे “तुम्ही जरा तिकडे सरक” हे वाक्य आमच्याकडे शुद्ध समजतात. घसरगाडीची वाट गावाखाली दरीपर्यंत जाते. वरच्या टप्प्यात गाडीवाला “हो बाजूला!” ओरडतो. खालच्या टप्प्यात त्याला “माफ करा, आपण जरा बाजूला होता का?” असे ओरडावे लागते, आणि ‘आपण’पर्यंत येईस्तोवर गाडी पोचलेली असते. गेल्या हिवाळ्यातल्या अकरा टकरींपैकी दहा खालच्या टप्प्यात झाल्या. खालचे लोक निष्काळजी असतात, असा समितीने निष्कर्ष काढला.

अशा या सुव्यवस्थित गावात क्विरिन नावाचा स्की शिकवणारा मास्तर आहे. वय एक्कावन्न. लिफ्टच्या तिकीटखिडकीत बसणाऱ्या नॉटबुर्गावर त्याचा जीव. डिसेंबरात तो तिच्याशी हवेबद्दल बोलतो, जानेवारीत तिच्या खोकल्याची चौकशी करतो, फेब्रुवारीत तिचा हातमोजा उचलून देतो आणि मार्चअखेर खिडकीशी येऊन “नॉटबुर्गा, तू...” इथवर पोचतो. तेवढ्यात बर्फ वितळतो. पुढच्या डिसेंबरात पुन्हा हवा. असे नऊ हिवाळे गेले.

यंदा मात्र नॉटबुर्गाने जाहीर केले की एकतीस जानेवारीच्या बसने ती कायमची लिंत्सला, बहिणीकडे राहायला जाणार. आणि यंदाच बर्फ पडेना. जानेवारीच्या मध्याला पायरीशी अडतीस सेंटिमीटर.

मग तिला वर घेऊन जावे, असे तुम्ही म्हणाल. एकवीस वर्षे लिफ्टची तिकिटे विकणाऱ्या नॉटबुर्गाला लिफ्टमध्ये चक्कर येते. पायवाट दरडीखाली आहे. घराचा माळा समिती जमीन धरत नाही. (पूर्वी एक जावई माळ्यावर चढून सासऱ्याला अरेतुरे करत असे.) क्विरिनने ‘तुम्ही’मध्येही प्रयत्न करून पाहिला. “आपण माझ्याशी विवाह करावा ही नम्र विनंती,” अशी चिठ्ठी त्याने खिडकीतून आत सरकवली. नॉटबुर्गाने हाताच्या सवयीने तिच्यावर ‘पोहोचले’ असा शिक्का मारला आणि ती लिफ्टच्या तक्रारींत लावून टाकली.

शेवटी नियमावली उघडली गेली. बर्फ आकाशातूनच पडला पाहिजे असे तिच्यात कुठेच नव्हते. एकतीस तारखेला सकाळी डोंगरावरून ट्रकभर बर्फ आला, गावाने फावडी मारली आणि पायरीशी ढीग उभा राहिला. वेंडेलिननी मोजला: एक मीटर चव्वेचाळीस. वाहून आणलेल्या बर्फाचा परिणाम ढिगापुरताच राहील, असे मी वाचून दाखवले. क्विरिन वर चढला.

“नॉटबुर्गा, तू...”

“क्विरिनराव, तुम्ही पडाल हो!” ती समोरच्या खिडकीतून ओरडली. (खिडकी खाली होती. तिचे बरोबरच होते.)

“तू वर ये ना!”

ती शाल सावरत आली, चढली, त्याच्याशेजारी उभी राहिली. ढीग खचला.

“थांबा!” वेंडेलिन गुडघ्यांवर बसून ओरडले. “नऊशे नव्याण्णव मीटर सत्त्याण्णव. तीन सेंटिमीटर कमी पडतायत. क्विरिनराव, पुढचं ‘तुम्ही’त बोला.”

क्विरिन कायदा पाळणारा माणूस. त्याने तोंड उघडले, “आपण माझ्याशी...” म्हणाला आणि नाक पुसू लागला. कोपऱ्यावर लिंत्सच्या बसने भोंगा वाजवला. “फावडं आणा हो कुणीतरी,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

नॉटबुर्गाने टेपकडे पाहिले, बसकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

“नऊ वर्षं झाली रे मेल्या!” ती कडाडली. “आणि आता तीन सेंटिमीटरसाठी बस सोडायला लावतोस? विचार की!”

हजाराच्या खाली ‘रे’ कधी कुणी ऐकलाच नव्हता.

“करशील का गं लग्न?” क्विरिन म्हणाला.

“करीन. आता उतर, पाय गारठलेत माझे.”

बस रिकामी गेली. मला रडू आले, पण चिटणिसाचे रडू इतिवृत्तात येत नाही.

समितीने दोन्ही गुन्हे माफ केले. अट एकच: बर्फ वितळल्यावर नवराबायकोने एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणावे. एप्रिल आला, चौक कोरडा झाला, तरी त्यांच्या स्वयंपाकघरातून ‘अरे’ आणि ‘अगं’ ऐकू येत राहिले. वेंडेलिन समज द्यायला गेले, तर नॉटबुर्गा म्हणाली, “टेप घेऊन उंबऱ्याच्या आत याल, तर मीच तुम्हाला मोजीन!”

समितीपुढे पेच पडला. उंची न मोजता नवराबायकोने एकमेकांना हाक मारावी, असे जगात कुठे चालते का? मी तत्परतेने तुमच्याकडचा दाखला दिला: एकच घर, एकच फरशी, नवरा ‘अहो’ आणि बायको ‘अगं’. सगळे चकित झाले. कारण टेप नाही, घंटा नाही, आणि बारा महिने कुणाची चूक होत नाही.

वेंडेलिननी फक्त एक शंका काढली. “मग तिकडचा नवरा बायकोपेक्षा किती मीटर वर उभा असतो?”

आकडा मला सांगता आला नाही. तेव्हा आज घरी बायकोसमोर उभे राहून तेवढा मोजा आणि कळवा. टेपचे दुसरे टोक तिच्या हातात द्या.