दोनशे एक्कावन्न अक्षरांचा नमस्कार

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून बसलेल्या मंडळींनीही यावं. पेटीच्या अलीकडे अजून दोन माणसांची जागा आहे. आज आख्यान ध्रुवाचं नाही, प्रल्हादाचंही नाही. आज आख्यान एका निरोपाचं. तो टिटवाळ्याहून निघाला, कोलशेतला पोचला, एकदा नव्हे सात वेळा पोचला, आणि तरीही एका बाईची होडी गेली ती गेलीच. सगळं नीट सांगतो, फक्त मध्येच उठू नका.

निरोप पोचणं आणि निरोप कळणं या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि कुठल्याही सुसंस्कृत कारभाराला त्यांतल्या पहिलीचीच हमी घेता येते. दुसरी परमेश्वराच्या हाती (त्याचं कार्यालय प्रस्तुत मंडळाच्या कार्यक्षेत्राबाहेर येतं).

हे सत्य ज्यांनी जगून दाखवलं ते प्रभाकरराव खोपकर, राहणार डोंबिवली पूर्व, खाडी पाणीपातळी निरोप मंडळाच्या ठाणे मुख्यालयातले अधीक्षक. माणूस लोण्यासारखा मऊ. शिपायाकडे पाणी मागायचं तरी आधी त्याच्या मुलीच्या दहावीची चौकशी करत. शिपाई पाणी आणेपर्यंत तहान गेलेली असे.

मंडळाचं काम एवढंच, की वर धरणाचे दरवाजे उघडले आणि काळू नदी फुगली, तर टिटवाळ्याच्या केंद्राने खाली कोलशेतच्या केंद्राला कळवायचं, म्हणजे खाडीकाठचे कोळी होड्या वर ओढून बांधतील. मंडळ निघण्यापूर्वी हेच काम टिटवाळ्याचा आनंदा पानवाला करत असे. तो कोलशेतच्या वाण्याकडे फोन लावून "पाणी सुटलं रे, बांधा!" असं ओरडे आणि फोन आपटे. वीस वर्षांत एकही होडी गेली नाही, हे मान्य. परंतु त्या ओरडण्याला जावक क्रमांक नव्हता, त्यात नमस्कार नव्हता, आणि ओरडणाऱ्याचा हुद्दाही स्पष्ट होत नव्हता. ही अनागोंदी सत्त्याण्णव साली संपली. दोन्हीकडे संगणक आले. वाण्याचा फोन काढून त्याची तार कोलशेतच्या यंत्राला जोडण्यात आली, आणि आनंदाला यापुढे न ओरडण्याबद्दल लेखी समज देण्यात आली.

यंत्रांची भाषा बसवायला उत्तरा मायदेव ही मुलगी नेमली होती. प्रभाकररावांच्याच गल्लीतली, हुशार, आणि बोलायला जरा थेट. तिने साहेबलोकांना सॉकेट म्हणजे काय ते समजावलं. पोस्टात कशा नंबर घातलेल्या खिडक्या असतात, तशी संगणकाची खिडकी. या खिडकीतून निरोप टाकायचा, त्या खिडकीतून घ्यायचा. (काही अधिकारी बराच वेळ विजेच्या बटणांखालच्या भोकांकडे पाहत होते. त्यांच्यासाठी परिपत्रक क्र. ४ काढावं लागलं.)

"आता पाठवायच्या तऱ्हा दोन," उत्तरा म्हणाली. "एक नळासारखी. तुम्ही तीन बादल्या ओता, तिकडे नुसती धार लागते. कुठली बादली कुठे संपली ते समोरच्याने ठरवायचं. दुसरी डब्यासारखी. तीन डबे पाठवले तर तीनच डबे पोचतात, झाकणासकट. एक निरोप, एक डबा."

"डबा!" प्रभाकरराव लगेच म्हणाले. "निरोपाला आरंभ पाहिजे, शेवट पाहिजे. धार कसली लावताय?"

"पण काका..."

"ऑफिसात सर म्हण गं."

"सर, डब्याची एक गंमत आहे. तिकडे डबा रिकामा करून घ्यायला भांडं असतं. बफर म्हणतात. कोलशेतच्या मशीनमध्ये ते दोनशे छप्पन्न अक्षरांचं आहे. निरोप त्याहून मोठा झाला तर उरलेला सांडतो. आणि सांडला म्हणून कोणी ओरडत नाही."

"पोच तर येते ना?"

"पोच येते. डबा दारात आला एवढ्याचीच असते ती. आतलं जेवण कुणी जेवलं का, ते कोण विचारतंय?"

"मग झालं तर," प्रभाकरराव प्रसन्नपणे म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तीन आठवडे खपून निरोपाचा नमुना तयार केला. आजही तो पाहिला तर हात जोडावेसे वाटतात. प्रति आणि हुद्दा, अक्षरं अठ्ठेचाळीस (काना, मात्रा, वेलांटी सुटी धरून). साष्टांग नमस्कार, चौतीस. आपण व आपल्या केंद्रातील सर्व लहानथोर मंडळी सुखरूप असतील अशा अर्थाची विचारपूस, त्रेसष्ट. विषय, बावीस. संदर्भ क्रमांक आणि दिनांक, चाळीस. आणि 'महोदय, आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की', चव्वेचाळीस. एकूण दोनशे एक्कावन्न. मजकुरासाठी पाच अक्षरं शिल्लक राहिली. पाच अक्षरांत काहीच बसत नाही असं नव्हे. 'पळा' आरामात बसतं. पण अधीक्षकाने नदीकाठच्या जनतेला 'पळा' म्हणणं शोभत नाही.

उत्तराने हरकत घेतली, तेव्हा त्यांनी तिच्याकडूनच यंत्रात अट घालून घेतली. ज्या निरोपात नमस्कारासह पूर्ण नमुना नाही, तो खिडकीतून बाहेरच पडणार नाही.

मग तिने भांडं मोठं करण्याचा प्रस्ताव मांडला. रविवारी सकाळी फडके रोडवर, हातात चक्क्याचा पुडा असताना, ती त्यांना म्हणाली, "काका, एका ओळीचा बदल आहे हो. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"अगं, तोंडी कसं हो म्हणू? निरोपाने पाठव."

तिने निरोपाने पाठवला. मुख्यालयाच्या यंत्रातही भांडं तेवढंच होतं. प्रभाकररावांना साष्टांग नमस्कार मिळाला, कुटुंबाची विचारपूस मिळाली, उत्तराला कसला तरी अत्यंत आनंद झाल्याचं समजलं, आणि मुलगी हळूहळू वळणावर येते आहे या समाधानात त्यांनी कागद 'कौटुंबिक व इतर' या फायलीत लावला. पोच तत्काळ रवाना झाली.

आता कोलशेत. तिथलं केंद्र म्हणजे धक्क्यापासून पन्नास पावलांवर पत्र्याची खोली. आत यंत्र, छपाईचा प्रिंटर, आणि दामाजी तांडेल. सरकारी खुर्ची मिळाल्यापासून दामाजी खाडीकडे पाहत नसे. पाण्याचं काय ते कागद सांगणार, मग डोळे कशाला शिणवायचे? त्याची वहिनी जनाबाई, भाऊ वारल्यापासून एकटीच होडी चालवी. चिंबोरी आणि कोळंबी धरून बाळकुमच्या बाजारात विके. घरात कमावतं असं दुसरं काही नव्हतं, माणूस नाही की वस्तू नाही. त्या ऑक्टोबरात तिने होडी चिखलात ओढून, ओंडक्यांवर उभी करून, तळाला डांबर लावायला घेतलं होतं. दोर सोडलेले, वल्ही घरी.

अमावास्येचा दिवस, खाडीला उधाण. त्यात वर परतीचा पाऊस झालेला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी धरणाचे दरवाजे उघडले, आणि सव्वानऊला उत्तराने टिटवाळ्याहून निरोप टाकला (यंत्र बसवल्यापासून तिथलं केंद्र तीच सांभाळत होती). 'आज सकाळी दरवाजे उघडले, दुपारी एकपर्यंत पाणी कोलशेतला, होड्या ताबडतोब वर घेऊन बांधाव्यात.' अर्थात नमुन्यासह.

कोलशेतला प्रिंटर करकरला. दामाजीने कागद फाडून बाहेर आणला. जनाबाई होडीच्या तळाशी वाकली होती, हात कोपरापर्यंत काळे.

"काय रं दामाजी, कागूद काय बोलतो?"

"आनंद बोलतो, वयनी."

"कसला आनंद?"

दामाजीने कागद उलटा करून पाहिला. "ता नाय बोलत. अत्यंत बोलतो पन. आपन सगली सुखरूप हाव का, ता पन इचारलाय."

"ग्वाड मानसा दिसतान," जनाबाई म्हणाली आणि पुन्हा डांबराकडे वळली.

कागदाच्या शेवटी 'आज सक' एवढं होतं. तिथे भांडं भरलं होतं.

उत्तराला पोच मिळाली. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून तिने निरोप पुन्हा टाकला. पुन्हा पोच. नमस्कार गाळून पाहिला, तर यंत्र म्हणालं, 'नमस्कार आढळला नाही. कृपया सौजन्य तपासावे.' ही ओळ तिनेच लिहिलेली होती. फोन लावला तर कोलशेतची तार अडलेली, कारण यंत्र पोचा पाठवण्यात गुंतलं होतं. साडेअकरापर्यंत निरोप सात झाले, पोचा सात झाल्या, आणि कोलशेतला दामाजीने आनंदाचे सात कागद पाहून अर्धा किलो पेढे आणवले. साहेब येणार किंवा नोकरी कायम होणार, दोन्हींतलं एक नक्की.

शेवटी उत्तराने ठाण्याला प्रभाकररावांना फोन केला.

"काका, पाणी सुटलंय. कोलशेतला माणूस पाठवा. रिक्षाने वीस मिनिटं लागतील. तुम्हीच जा ना!"

"अगं, घाबरतेस काय अशी? तुझा निरोप पोचलाय. नोंद माझ्या समोर आहे. सात वेळा पोचलाय."

"पोचलाय हो, पण त्यात पाणीच नाहीये!"

प्रभाकररावांचं मन क्षणभर हललं, हे खरं. त्यांनी चप्पल शोधायला टेबलाखाली पायही फिरवला. पण समोर सात पोचा एकाखाली एक, सरळ रेषेत, वेळेसह छापलेल्या होत्या. त्या पाहताना कीर्तनात टाळ जमून येतो तसं त्यांना वाटलं. सगळं लागलं होतं, काही सुटलं नव्हतं. पाय मागे आला. "तू जेवून घे हो वेळेवर," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

एक वाजता पाणी आलं. ते नमुन्याप्रमाणे आलं नाही. खालून उधाण, वरून लोंढा. ओंडके आधी निघाले, मग होडी. जनाबाई छातीभर पाण्यात गेली, काठाला हात लावला, पण ओल्या डांबराला पकड मिळेना. दामाजी पेढ्याचा पुडा टाकून धावला. गाव धावलं. होडी खाडीच्या मध्यावर एकदा आडवी झाली आणि पुलाच्या खांबाला लागून फुटली.

चौकशी रीतसर झाली. त्रिसदस्यीय समितीने नऊ पानांत असं मत नोंदवलं, की मंडळाकडून कोणतीही त्रुटी नाही, निरोप अखंड निघाला, अखंड पोचला, आणि सदर होडीने सूचनांचं पालन केलं नाही.

पंधरा दिवसांनी जनाबाई ठाण्याला मुख्यालयात आली. प्रभाकररावांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, मंडळी सुखरूप आहेत ना विचारलं. तिने चहाला हात लावला नाही. कनवटीचा घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. सातांपैकी एक.

"साहेब, तुमी सवता वाचा."

प्रभाकररावांनी चष्मा लावला. मंडळाचा निरोप त्यांनी रचला होता, मोजला होता, फायलीला लावला होता. निरोपाची वाट पाहणाऱ्या माणसासारखा वाचला मात्र नव्हता. त्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली. नमस्कार गोड लागला. विचारपूस गोड लागली. 'अत्यंत आनंद होतो की आज सक...' आणि आवाज थांबला.

"फुरं?" जनाबाईने विचारलं.

"पुढे नाही."

"मंग मिनी काय करायचा व्हता, साहेब?"

प्रभाकररावांनी चष्मा काढला. मग दामाजीसारखाच कागद उलटा करून पाहिला.

"माजी होरी जेली ती जेली," ती म्हणाली. "मी मागाय नाय आले. गावान अजून चवदा होऱ्या हायेत. त्या टिटवाल्याच्या पानवाल्याला वरडू द्या. वान्याचा फोन परत जोरा. एवराच."

ती गेल्यावर प्रभाकररावांनी खरोखर कागद ओढला. हे आजच्या आज मंडळाच्या वरिष्ठांना गेलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. 'कोलशेतच्या वाण्याचा फोन परत जोडा' एवढंच लिहायचं होतं. पेन टेकवलं. नमस्काराशिवाय आरंभ म्हणजे नमनाशिवाय कीर्तनाला उभं राहणं, हात चालेना. तिसऱ्या प्रयत्नात डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या भरात हाताने आपलं काम केलं: प्रति, माननीय, साष्टांग नमस्कार, आपण व आपल्या कार्यालयातील सर्व लहानथोर मंडळी. शेवटची ओळ विनंतीची होती. ती त्यांनी आयुष्यात लिहिलेली सर्वांत कळकळीची ओळ असावी. असावी म्हणायचं, कारण वरिष्ठांच्या यंत्रातही भांडं तेवढंच होतं, आणि ती कुणी वाचलेली नाही. पोच साडेपाचला आली.

त्या वर्षीच्या अहवालात आकडे आहेत. पाठवलेले निरोप चार हजार एकशे अठरा, पोचलेले चार हजार एकशे अठरा. मंडळाला त्याबद्दल ढाल मिळाली. प्रभाकरराव समारंभाला गेले नाहीत. आजारी असल्याचं त्यांनी रीतसर कळवलं होतं.

तर मंडळी, आरतीचं ताट फिरेल तेव्हा फिरेल. त्याआधी मागणं एकच, कोलशेतच्या जनाबाई तांडेलची आठवण ठेवा. ती काय मागायला आली होती, तेही ठेवा. ठेवाल ना?

वा. सगळ्यांच्या माना हलल्या. पोच मिळाली.